‘तुला तर साधाच झाला होता’

‘मावशी, मी 43 वर्षांची आहे, जुळे सोलापुरात राहते. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते, नगावर पैसे मिळतात. 2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातल्या सहा जणांपैकी पाच जणांना कोरोना झाला. माझे मिस्टर नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. सासऱ्यांचं वय तेव्हा 72, त्यात शुगर, पण त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला एवढंच, साधा खोकलासुद्धा नाही. मुलाला एक रात्र ताप. मोठ्या जावेचा वास चार दिवस गेला आणि परत आला. मोठे दीर आमच्यातच झोपत-उठत होते, त्यांना काहीच झालं नाही. मला तीन दिवस ताप आणि अंगदुखी. ऑक्सिजन 97 च्या खाली गेला नाही. डॉक्टर म्हणाले, माइल्ड आहे, घरीच राहा.

आज मिस्टर ठणठणीत आहेत, एमआयडीसीत डबल ड्युटी करतात. मी मात्र एक दिवस जास्तीचं काम केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. शिवताना माप डोक्यात राहत नाही, परवा पन्नास शर्टांच्या कॉलर उलट्या लावल्या. शेंगा चटणीचा वास जळक्या रबरासारखा येतो. रिपोर्ट सगळे नॉर्मल. जाऊ म्हणते, अ‍ॅडमिट भाऊजी होते आणि दमतेस तू? तुला तर साधाच झाला होता. मिस्टर काही बोलत नाहीत, हॉस्पिटलचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. आमच्या गल्लीतल्या एकीचा नवरा त्याच महिन्यात गेला. तिच्यापुढे मी दमते म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? लस घेतल्यामुळं तर असं झालं नसेल ना? मी कामचुकार झालेय का, मावशी, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत? काय करावं कळेना झालंय. तुमचा वेळ घेतला, माफ करा.’

अगं, माफी कशाची मागतेस? आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: तू कामचुकार नाहीस आणि हे मनाचे खेळही नाहीत. कामचुकार बाई उलट्या लागलेल्या कॉलरी मोजत बसत नाही. तू जे लिहिलंयस त्या सगळ्याला मिळून आज वैद्यकात एक नाव आहे, लाँग कोविड. तुला तेच आहे का, हे तुझ्यासमोर बसलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण पत्र वाचताना मला शंका आली ती त्याचीच.

तुझ्या पत्रातल्या एका शब्दानं फार नुकसान केलंय, तो म्हणजे ‘माइल्ड’. तो आला कुठून ते सांगते. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये खाटा कमी होत्या, ऑक्सिजन कमी होता आणि माणसं फार होती. कुणाला घरी ठेवायचं, कुणाला दाखल करायचं, कुणाला आयसीयूत न्यायचं हे झटपट ठरवायला सरकारी मार्गदर्शक सूचनांत तीन गट केले होते. श्वास लागत नाही आणि ऑक्सिजन 94 किंवा वर, तर सौम्य. 90 ते 93 मध्यम. 90 च्या खाली गंभीर. तो खाटेचा हिशोब होता गं. आज रात्री या माणसाला नळी लागेल का, एवढंच त्यातून कळायचं. सहा महिन्यांनी तिला जिना चढवेल का, मशीनवर बसून माप लक्षात राहील का, हे त्या शब्दाला कधीच माहीत नव्हतं. तुझ्या डॉक्टरांनी तो शब्द बरोबर वापरला. पण तो तुमच्या घरात तसाच राहून गेला आणि जावेनं त्याचं माप करून तुला लावलं.

‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, रुग्णांनी दिलंय. इटलीतल्या एलिसा पेरेगो नावाच्या पुरातत्त्व अभ्यासक स्वतः आजारी होत्या. 2020 च्या मे महिन्यात त्यांनी हा शब्द पहिल्यांदा लिहिला, कारण ‘दोन आठवड्यांत बरे व्हाल’ असं सांगितलेली कितीतरी माणसं बरी झालीच नव्हती. पुढे 2021 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या केली: कोविड झाल्यावर साधारण तीन महिन्यांच्या आत दिसणारा, किमान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं उलगडा न होणारा त्रास. थकवा, धाप, डोकं न चालणं ही त्यातली नेहमीची लक्षणं. याच संघटनेच्या अंदाजानं कोविड झालेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांना हे होतं. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. आणि दवाखान्याची पायरीही न चढलेल्यांना होतं. दाखल झालेल्यांना धोका जास्त असतो हे खरं, पण घरीच राहिलेल्यांची संख्याच इतकी मोठी होती की आज त्रास काढणाऱ्यांत तुझ्यासारख्याच पुष्कळ आहेत.

मी बत्तीस वर्षं नर्स होते. शेवटची दोन वर्षं कोरोनातच गेली, आमचं पथक घरोघर हिंडायचं. गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकलेले, आत शिरायला एक फट. तिथं जे पाहिलं ते कुठल्याही दोन घरांत सारखं नव्हतं.

विडी वळणारी एक बाई होती. ताप नाही, खोकला नाही, चार दिवस नुसते जुलाब. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, हात चालूच. टेस्ट करू म्हटलं तर तेलुगूत म्हणाली, शिळं खाल्लं असेल. पॉझिटिव्ह निघाली. तिच्याच घरातली सून बाळंतीण, तिला काही नाही. पलीकडच्या घरात एक मुलगी, ताप दोन दिवसांत उतरला, सगळे खूश. तीन महिन्यांनी तिची आई रडत आली, पोरीच्या केसांचे पुंजके हातात येतायत म्हणून. शाम्पू बदलून झाले होते, तेल बदलून झालं होतं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. तिचेही आले.

एक रिक्षावाला मला कायमचा लक्षात राहिलाय. ओट्यावर बसून मोबाइलवर कुणाशी तरी भाड्यावरून वाद घालत होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा 82. मला म्हणाला, ‘मशीन बिघडलंय ताई, मला काय झालंय?’ मी तेच यंत्र माझ्या बोटाला लावलं, 98. परत त्याच्या बोटाला, 82. बोट पुसून, दुसरं बोट, 81. त्याला दम लागलेला कळतच नव्हता. या आजाराची ही एक भयंकर तऱ्हा होती, रक्तातला ऑक्सिजन उतरतोय आणि माणूस गप्पा मारतोय. एकोणीस दिवसांनी तो सिव्हिलमधून घरी आला. अजून रिक्षा चालवतो, भेटला की हॉर्न वाजवतो.

आणि होम मैदानावर रोज पहाटे धावणारा, अडतीस वर्षांचा एक जण आठ दिवसांत गेला. त्याच्या आईच्या हातात मी बीपीची गोळी ठेवली तेव्हा तिनं विचारलं होतं, त्याचंच का? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज थोडंफार उत्तर आहे. वय, शुगर, वजन, पुरुष असणं यांनी धोका वाढतो. किती विषाणू आत गेला, आधी लस किंवा लागण झालेली होती का, यानं फरक पडतो. काही माणसांच्या शरीरात आपल्याच संरक्षणाच्या रसायनांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, असतात. विषाणूला सुरुवातीलाच अडवणारं इंटरफेरॉन त्यांच्यात नीट काम करत नाही, म्हणून वरून धडधाकट दिसणारा माणूस कोसळतो. उलट काहींच्या जनुकांची ठेवण अशी असते की लागण होऊनही लक्षणं उमटत नाहीत. पण हे सगळं शंभर माणसांचं गणित आहे. शंभरातल्या साधारण किती जणांना काय होईल, हे सांगता येतं. तुझ्या सासऱ्यांना, शुगर असून, काही होणार नाही आणि तुला, काही नसून, हे होईल, असं एकेका माणसाचं भविष्य कुणालाच सांगता येत नव्हतं. एकाच घरात, एकाच आठवड्यात, एकाच विषाणूनं पाच जणांना पाच वेगळे आजार दिले, असं धरून चाल. मग जावेचे चार दिवस आणि तुझी ही सगळी वर्षं एका तराजूत टाकायचं कारणच उरत नाही.

लसीबद्दल विचारलंस. पत्राच्या इथं न छापलेल्या भागात तू तारखा लिहिल्यास म्हणून सांगता येतं: थकवा जूनमध्ये सुरू झाला, पहिला डोस ऑगस्टमध्ये घेतलास. तेव्हा तो संशय मनातून काढून टाक.

आता माझं थोडं सांगते, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांनी मलाही गप्प केलं होतं. मला 2020 च्या ऑगस्टमध्ये झाला. एक दिवस ताप. महिन्याभरानं ओट्याशी भाकरी थापायला उभी राहिले की छाती अशी धडधडायची की परातीचा काठ धरावा लागायचा. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद बघितले, माझ्याकडे बघितलं नाही. वय झालं, टेन्शन घेऊ नका, म्हणाले. मी नर्स, आणि तरी पाच महिने मी ते खरं मानलं. भाकरी बसून थापायला लागले आणि कुणाला सांगितलं नाही. मग दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी मला दहा मिनिटं झोपवलं, नाडी मोजली, 74. मग उभं केलं आणि दर दोन मिनिटांनी मोजत राहिल्या. 118. कुठल्याही रक्ताच्या रिपोर्टात ते दिसलं नसतं. उभं राहिल्यावर ठोके तीसहून जास्त वाढून तसेच राहिले तर तो ओळखीचा त्रास आहे, कोविडनंतर अनेकांना झालाय. पाणी जास्त, उठताना सावकाश, पायांना घट्ट मोजे, पडल्या पडल्या करायचे व्यायाम, यावर मला दीड वर्ष लागलं. पण बरी झाले.

म्हणून तू पुन्हा एकदा डॉक्टरांकडे जायचंस. फिजिशियनकडे, किंवा सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत. हातात वही घेऊन. वहीत पंधरा दिवसांचं लिहायचं: काल काय काम केलं, आज कसं वाटलं, झोप किती, पाळी कधी. ‘दमायला होतं’ म्हटलं की डॉक्टर सगळ्यांसारखंच धरतात. ‘मंगळवारी गाद्या उन्हात घातल्या, बुधवारी बरी होते, गुरुवारी उठता आलं नाही’ असं लिहिलेलं दिसलं की त्यांचा हात थांबतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, बी-12, डी हे सगळं झालंय का ते विचार. नसेल झालं तर करून घे, कारण त्यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे आणि तुझ्या वयात बायकांमध्ये ते बऱ्याचदा निघतं. पाळी जायचे दिवस जवळ आलेत का, तेही विचार. मन उदास असतं का असं विचारलं तर खरं सांग, लाजू नकोस. इतकी वर्षं थकवा आणि वर टोमणे सोसले की मनही खचतं. त्यावर वेगळा उपचार असतो आणि तो घेतल्यानं थकवा खोटा ठरत नाही. झोपून-उभं राहून नाडी मोजा, असं स्वतः म्हण. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, बसल्या जागी धाप लागली, तर वहीबिही राहू दे, लगेच जा.

एक सांगून ठेवते. लाँग कोविड बरा करणारी हमखास गोळी आजवर निघालेली नाही. जो कुणी पावडर, काढा, सलाईन विकून ‘एका महिन्यात पहिल्यासारख्या’ म्हणेल, त्याला तुझ्या शर्टांचे पैसे देऊ नकोस.

आणि तू लिहिलंयस, ‘एक दिवस जास्तीचं काम केलं की पुढचे दोन दिवस उठवत नाही.’ हे फार महत्त्वाचं वाक्य आहे, डॉक्टरांना आधी हे सांग. साधा थकवा काम करताना येतो आणि झोपलं की जातो. हा त्या वेळी येत नाही, 12 ते 48 तासांनी येतो, आणि झोपून जात नाही. म्हणूनच घरच्यांना पटत नाही. रविवारी तू हसत खेळत धुणं धुतलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. सोमवारी तू पडून असतेस, मग त्यांना ते नाटक वाटतं.

यावर उपाय आहे तो करायला कठीण आहे, कारण तो आपल्या बायकांच्या स्वभावाच्या उलटा आहे: बरं वाटतंय त्या दिवशीच थांबायचं. तू सोलापूरची आहेस, तुला हे मी पाण्यानं समजावते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी आलं की आपण काय करतो? पहिल्या दिवशी टाकी भरलेली दिसते म्हणून कुणी अंगण धूत बसत नाही. प्यायचं वेगळं, आंघोळीचं वेगळं, भांड्याचं वेगळं, आणि चौथ्या दिवसासाठी खाली हात लावायचा नाही अशी एक ओळ डोक्यात ठरलेली असते. तुझ्या अंगातली ताकद सध्या तशी आहे. पूर्वी चोवीस तास नळ होता, आता टाकी आहे. पन्नास शर्ट जमतात असं वाटलं त्या दिवशी तीस शिव. फरशी आणि धुणं एका दिवशी नको. भाजी बसून निवड, आंघोळ स्टुलावर बसून कर. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून, मोबाइल न बघता आडवी हो, दमण्याच्या आधी. डोक्याचं काम हेसुद्धा काम आहे, ते याच टाकीतून जातं. मापं कागदावर लिहून मशीनला चिकटव. कारखान्यात जी बाई काम वाटते तिला सांगून कॉलरऐवजी सरळ शिलाईचं काम काही महिने मागून घे. पैसे थोडे कमी येतील, पण पडून राहिल्यानं खाडे होतात त्यापेक्षा जास्तच येतील. असं महिना-दोन महिने केलंस आणि मधे एकदाही आडवी पडली नाहीस, तर मग हळूच वाढव. कुणी म्हणेल रोज तासभर चाल, अंग मोकळं होईल. ज्याला काम केल्यावर असा त्रास होतो, त्यानं जोर लावून व्यायाम केला तर आजार बळावतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नकोस.

वासाचं वाचून मला वाईट वाटलं. शेंगा चटणी तुझ्या हातची असणार, हे तू न लिहिताही कळलं. उखळात लसूण, मीठ, तिखट, जिरं आणि भाजलेले शेंगदाणे, तेल सुटेपर्यंत कांडायचं आणि मधूनच एक चिमूट जिभेवर. आता ती चिमूटच दगा देत असेल. मीठ बरोबर पडलं का, हे कळत नसेल.

झालं काय ते ऐक. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधाराच्या पेशी असतात. विषाणू मुख्यतः त्या आधाराच्या पेशींवर बसला. तुझ्या जावेच्या चार दिवसांत भरून आल्या. तुझ्या ओळखणाऱ्या पेशींनाही त्याची झळ पोचली असणार. त्या नव्यानं वाढल्या, पण त्यांची जोडणी चुकली असं मानतात, म्हणून मेंदूला चुकीचा निरोप जातो. आणि रबराचा वास नेमका चटणीलाच का? कॉफी, भाजलेले दाणे, तळलेला कांदा, लसूण यांच्यात काही वासाचे कण इतके जहाल असतात की थोडक्या जाग्या झालेल्या पेशींनाही ते आधी लागतात. बाकीचे सोबतीचे वास लागत नाहीत, म्हणून एकटा तो घाण वाटतो. सगळ्या जगात लोकांनी याच पदार्थांची नावं सांगितली आहेत. चटणी नासलेली नाही, तुझा हातही बिघडलेला नाही.

नाकाला पुन्हा शिकवता येतं. चार वास घे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार छोट्या डब्यांत ठेव. सकाळी आणि रात्री एकेक डबी नाकाशी धरून वीस सेकंद सावकाश हुंगायचं, जोरात ओढायचं नाही. हुंगताना तो वास आठवायचा. लवंग हातात असताना मसालेभाताचं पातेलं डोळ्यांपुढे आण. किमान तीन-चार महिने, एकही दिवस न चुकता. इतक्या वर्षांनी लगेच फरक पडेल असं मी म्हणत नाही, पण उशिरानं परत आलेला वास मी पाहिलाय. तोवर जेवण जरा निवल्यावर खा, गरम पदार्थाचा वास जास्त उसळतो. दही-भात, काकडी, फळं, कडक भाकरी आणि डाळ यांवर भागव. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, हे मुलाला हुंगायला सांग. ते तुझ्या नाकावर सोडू नकोस. आणि चटणीचं मीठ त्यालाच चाखू दे. तू कांड, तो चाखेल.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. हॉस्पिटलचा विषय निघाला की उठून बाहेर जातो, असं तू ओझरतं लिहून गेलीस. मी तिथं थांबले. नऊ दिवस तो ऑक्सिजनवर होता. त्या वॉर्डांमध्ये मी गेलेय. आपल्या शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री बोलत होता आणि सकाळी खाट धुतलेली होती, हे नऊ दिवसांत किती वेळा झालं असेल? घरचं कुणी भेटायला नाही, सगळ्यांचे चेहरे प्लास्टिकच्या आड, नर्स कोण आणि मावशी कोण तेसुद्धा आवाजावरून ओळखायचं. असे पुरुष मला पुष्कळ भेटले, जे बरे होऊन आले आणि लगेच डबल ड्युटी करायला लागले. थांबलं की ते सगळं आठवतं. तुझा नवरा तसाच आहे असं मी इथं बसून म्हणू शकत नाही. पण त्याचं गप्प राहणं म्हणजे तुझ्यावर अविश्वास, असं तू धरलंयस, ते सोड. कदाचित तो ‘मी वाचलो, आता घरात कुणी आजारी नाही’ एवढ्या एका वाक्यावर उभा असेल आणि तू आजारी आहेस हे मान्य केलं की ते वाक्य हलतं.

त्याला दोष देत बोलू नकोस, आणि जेवणाच्या ताटावर, जावेसमोर तर नकोच. तो ड्युटीवरून येऊन चहा पीत असेल तेव्हा म्हण, ‘तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी घरी तापात पडले होते आणि फोन वाजला की पोटात गोळा यायचा. त्यावर आपण कधी बोललोच नाही.’ एवढं बोलून गप्प बस. तो त्या दिवशी बोलेल असं नाही. उठून बाहेर गेला तर जाऊ दे. दोन दिवसांनी दुसरं वाक्य: ‘मला डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बरोबर या, मला सांगितलेलं सगळं लक्षात राहत नाही.’ हे खरंच आहे आणि हे काम आहे. बोलायला न येणारे पुरुष काम दिलं की येतात. डॉक्टरांच्या तोंडून त्यानं ऐकलं की घरात तुझ्या बाजूनं बोलायला एक माणूस होईल.

जावेशी भांडू नकोस, तिच्याशी वादात जिंकून तुझी ताकद वाढणार नाही. पुढच्या वेळी ‘साधाच झाला होता’ म्हणाली की एवढंच म्हण, ‘ताई, तेव्हा साधा होता, नंतर नाही राहिला.’ आणि मग तिच्याकडून एक ठरावीक मदत माग. मोघम ‘मला समजून घ्या’ म्हटलं तर कुणाला काय करावं ते कळत नाही. ‘आठवड्यातून दोन दिवस धुणं तुम्ही घ्या, मी बसून दोन्ही वेळची भाजी चिरून देते’ असं सांगितलं तर तिला हो किंवा नाही म्हणता येईल. माझा अनुभव असा की टोमणे मारणारी माणसंसुद्धा स्पष्ट काम सांगितलं की बरीच मऊ होतात.

आणि गल्लीतली ती बाई. तू लिहिलंस, तिच्यापुढे कुठल्या तोंडानं सांगू? हे वाचून मला त्या वर्षांतली सगळी घरं आठवली. ज्यांचं माणूस गेलं ते म्हणायचे, निदान शेजाऱ्यांसारखी दोन तरी गेली नाहीत. ज्यांचं वाचलं ते गेलेल्यांपुढे हसायला घाबरायचे. ज्यांना नुसता ताप आला ते सगळ्यांपुढे गप्प. असं करता करता कुणीच कुणाशी बोललं नाही. त्या बाईचं दुःख मोठं आहे, त्यात वाद नाही. पण तू न सांगितल्यानं त्यातला कणभरही कमी झालेला नाही. तिचं घर आणि तुझं घर, दोन्ही त्याच एप्रिलमधून गेली. तिच्याकडे दुखणं सांगायला जाऊ नकोस. नुसती जा, संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. तिचा नवरा कसा होता ते विचार. इतक्या वर्षांत त्याचं नाव घेऊन तिला कुणी काही विचारलं असेल की नाही, मला शंका आहे. लोकांना वाटतं, आठवण काढली की तिला त्रास होईल. तिला तर रोजच आठवतं. तिनं तुझी तब्येत विचारली तर ‘बरी आहे’ म्हणून टाळू नकोस, जशी आहे तशी सांग.

तुझं पत्र छापताना नाव-गाव काढलंय, जुळे सोलापूर तेवढं राहू दिलं, कारण तिथूनच याच तऱ्हेची आणखी दोन पत्रं माझ्या टेबलावर आहेत. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना झोप येत नाही. एक कॉलेजची मुलगी आहे, तिला वाचलेलं लक्षात राहत नाही आणि घरचे म्हणतात मोबाइलमुळं. त्या दोघांनीही ‘मला तर माइल्डच होता’ असंच लिहिलंय.

वही आजपासून सुरू कर. पंधरा दिवसांनी ओपीडीला जाशील तेव्हा तिची पानं भरलेली असू देत आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. लवंगेचा वास लवंगेसारखा आला त्या दिवशी तर नक्की कळव, मग तो एका क्षणापुरता आला असला तरी चालेल.

तुझी मावशी